पडद्यामागून शिकलेला खेळ

आमची शालन सगळी कामं उजव्या हाताने करायची. भाकरी उजव्या हाताने थापायची, मला दटावताना बोटही उजवंच. पण टेबल टेनिसची बॅट मात्र डाव्या हातात. लोक विचारायचे, "वहिनी, तुम्ही डावऱ्या का?" ती म्हणायची, "खेळण्यापुरती."

त्याचं कारण सांगतो. लग्न नवं होतं, आम्ही खडकीला फॅक्टरीच्या क्वार्टर्समध्ये राहायचो. मी सुतारखात्यात. अधूनमधून सरकारी प्रचाराची गाडी यायची आणि मैदानात बांबूंना पांढरा पडदा बांधून फुकट सिनेमा दाखवायची. मेन पिक्चरच्या आधी छोट्या फिल्मा. कधी देवीची लस, कधी धरण, कधी आम्ही नावही न ऐकलेला एखादा खेळ. तो कसा खेळतात, गुण कसे मोजतात, सगळं सावकाश समजावून. पुरुष पडद्यापुढे बसायचे आणि बायका पडद्यामागे. रीतच तशी. मागूनही चित्र दिसायचं, पण आरशातल्यासारखं उलटं. पाट्या इंग्रजीत, त्या बायकांना उलट काय नि सुलट काय. टेबल टेनिसची फिल्म आली तेव्हा मागच्या बायकांना सगळे खेळाडू डावखुरे दिसले. शालनला वाटलं, हा खेळ डाव्या हातानेच खेळायचा असतो.

पुढे बसलेले आम्ही जांभया देत होतो. घरी येताना ही म्हणाली, "अहो, मला एक बॅट करून द्या."

"कशाला?"

"पोळ्या लाटायला. कशाला म्हणजे?"

प्लायचे तुकडे कापून दोन बॅटा केल्या. टेबल नव्हतं, म्हणून मागचं दार बिजागऱ्यांतून काढून ट्रंकांवर आडवं टाकायचो. मधे जाळी म्हणून जुन्या लुगड्याची पट्टी. खेळ संपेपर्यंत मांजरं घरात मोकाट. शेजारच्या मुमताजभाभी तिच्या जोडीदार, त्याही त्याच पडद्यामागे शिकलेल्या. दोघींची भांडणं अख्ख्या क्वार्टर्सना ऐकू जायची.

"पॉइंट माझा, शालन!"

"तुमचा कसला? कडीला लागून गेला."

"कडी टेबलात धरायची नाही, असं फिल्ममध्ये कुठं सांगितलं?"

शालनला एकच हवं होतं. खऱ्या टेबलावर, पंच बसवून, एक सामना. "हरले तरी चालेल," म्हणायची, "पण मोजून हरले पाहिजे."

फॅक्टरीच्या क्लबात बायकांच्या स्पर्धेची नोटीस लागली. दोघी नाव द्यायला गेल्या. तिथल्या सेक्रेटरीने जरा खेळून दाखवायला सांगितलं आणि मग आणखी चौघांना हाक मारून आणलं, हसायला. "दोघीही डावऱ्या? बाई, आधी हात कोणता ते शिकून या." "फिल्ममध्ये तर सगळे डावरेच होते," भाभी म्हणाल्या, आणि पडदा, उलटं चित्र, सगळा उलगडा तेव्हा झाला. मी दारात उभा होतो, तो तावातावाने पुढे झालो. ही मात्र शांत. "साहेब, चेंडू पलीकडे गेला ना? मग हाताची चौकशी कशाला?"

नाव घेतलं नाहीच. पुढच्या वर्षी बघू म्हणाले. पुढच्या वर्षी स्पर्धा फक्त ऑफिसरांच्या बायकांची. त्यानंतर स्पर्धाच बंद. मी म्हटलं, "अगं, हात बदल, म्हणजे तोंड बंद होतील त्यांची." तर म्हणे, "आम्हाला मागे कुणी बसवलं? हात आम्ही का बदलायचा?"

मुमताजभाभींचे मालक रिटायर झाले आणि ते कुटुंब क्वार्टर सोडून गेलं. मग मी खेळायला लागलो. पण माझ्याशी जिंकून तिला समाधान नव्हतं. "तुमच्यापेक्षा भिंत बरी. ती चेंडू परत तरी देते."

म्हातारपणी मुलाकडे कोथरूडला आलो. सोसायटीच्या हॉलमध्ये टेबल! खरं, हिरवं, जाळीचं. ते बघून ही लहान पोरीसारखी हसली. पण त्यावर मांडवाच्या खुर्च्या रचलेल्या, वर गणपतीच्या मखराचे थर्माकोल. सोसायटीच्या चेअरमनला जाऊन भेटली. "मीटिंगमध्ये घेऊ, काकू." पुन्हा भेटली. "काकू, या वयात?" ही म्हणाली, "वयाचं मी बघते, तुम्ही खुर्च्यांचं बघा." तो हसला. खुर्च्या काही हलल्या नाहीत. मी स्वतः उतरवायला गेलो तर वॉचमनने अडवलं, परवानगी नाही म्हणे. एका खुर्चीला हात लावायला परवानगी! वर्षं गेली. तिचे गुडघे गेले, मग दम लागायला लागला, आणि गेल्या महिन्यात ती गेली.

आता माझ्याशी वाकडं बोलणारं घरात कुणी उरलं नाही.

शोकसभा त्याच हॉलमध्ये झाली. एकेक जण उठून बोलला. काकूंच्या चकल्या, काकूंचं थालीपीठ, काकूंचा प्रेमळ स्वभाव. प्रेमळ! ती खेळायची, हे कुणाच्या तोंडून आलं नाही. शेवटी चेअरमन म्हणाला, "काका, काकूंचा फोटो इथे लावू या. त्यांना हा हॉल फार आवडायचा."

"हॉल नव्हता आवडत," मी म्हटलं. "टेबल आवडायचं. ते मोकळं करा."

"तेही घेऊ ना मीटिंगमध्ये."

फोटोसाठी दोनदा माणूस पाठवला त्याने. मी दिला नाही. जिवंतपणी त्या खुर्च्यांकडे बघत बसली तेवढं पुरे झालं. आता भिंतीवर टांगून त्याच बघायला लावू?