भय एकोणपन्नास

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. चार माणसं दर रविवारी एकाच टेबलाभोवती बसली, की ते आपोआप साचत जातात. कोणी नवखा विचारतो, "तुमी लोक तिथं करता तरी काय?" आणि एक सांगायला जावं तर मागून चार निघतात.

शेलूबाजारला ज्योतीताईंचं कृषी केंद्र आहे. रविवारी दुपारी त्या शटर अर्धं खाली ओढतात आणि मागच्या खोलीत, बियाण्यांच्या पोत्यांना टेकून आमचा डाव मांडला जातो. आम्ही चौघं. ज्योतीताई, आसेगावला शिकवणारे संघपाल सर, तीस वर्षं जीप चालवणारे बाबाराव, आणि मंगरुळपीरच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळणारा मी.

खेळ पत्त्यांचाच, पण राजा-राणीचा नव्हे. राक्षस, जादूगार, अजगर, हरवलेले किल्ले! सरांच्या पुण्यातल्या भावानं पेटी पाठवली. पत्ते इंग्रजीत, म्हणून सरांनी प्रत्येकावर मराठी नावाची चिठ्ठी चिकटवली. त्या पेटीतून पन्नास पत्ते निवडून ज्यानं त्यानं आपला डेक बांधायचा. पण खेळायचं सगळ्यांनी मिळून. समोर माणूस नसतो, शत्रूचे पत्ते एकामागून एक उलटत जातात. मधे भयाची पट्टी. शत्रू उभा राहिला की भय चढतं. पन्नासवर गेलं की डाव संपला.

पहिल्या दिवशी बाबारावांना हे काही पटेना.

"मंग हारते कोन?"

"सगळे," सर म्हणाले.

"आन् जितते?"

"तेबी सगळे."

"मंग भांडन कायच्यावर होते?"

अर्ध्या तासानं आमचा आवाज इतका चढला, की शेजारचा चहावाला शटरखालून वाकून बघायला आला. सरांनी अजगराला आधी मारायचं ठरवलं होतं, ताईंनी जादूगाराला. बाबाराव दोघांच्या मधे उभे राहून त्याला म्हणाले, "काही नाई रे, आमी एकाच बाजूचे हावो!"

* * *

संघपाल सर पाखरांचे वेडे. त्यांनी डेक बांधला तो फक्त पक्ष्यांचा. घार, घुबड, टिटवी, बगळे. तीन आठवडे लागले त्यांना. मी म्हटलं, "सर, निदान एक ढाल तरी ठेवा."

"पाखरू ढाल धरते काय, अशोकभाऊ?"

पहिल्या डावात ते दुसऱ्याच फेरीला गारद. दुसऱ्यात तिसऱ्या फेरीला. तिसऱ्या रविवारी ताई चिडल्या. "सर, तुमच्या हौसेपायी आमी कितीदा मराचं?" सर लाल झाले. पत्ते गोळा करून उठायच्या बेतात होते. मी त्यांचा हात धरून बसवलं.

त्या डावात भय पंचेचाळीसवर आलं आणि सरांनी घुबड टाकलं. घुबडाचा गुण असा, की शत्रूचा पुढचा पत्ता आधीच बघता येतो. सरांनी बघितला, आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"काय आहे?" आम्ही तिघं.

"न पाह्यलेलं बरं होतं."

* * *

बाबारावांचा डेक तर त्याहून न्यारा. त्यात एकही हत्यार नव्हतं! घोडे, छकडे, नावाडी, पूल, पायवाटा. नुसते रस्ते.

मी समजावलं, "बाबाराव, समोर अजगर आहे. काहीतरी मारायचं ठेवा."

"तीस वर्सं गाडी चालोली, एक कोंबडी मारली नाई. आता म्हातारपनी कायले मारू?"

तेव्हा आम्ही 'काळा घाट' नावाच्या मोहिमेत अडकलो होतो. लागोपाठ चार रविवार अजगरानं आमचा चुराडा केला. पाचव्या रविवारी भय अठ्ठेचाळीस. ताईंचा वैद्य मेलेला, सरांचे पंख छाटलेले, माझ्या हातात एक मोडकी तलवार. बाबारावांनी मोहिमेचं कार्ड उचललं, डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं.

"सर, इथं काय लिवलं हाय?"

सरांनी वाचलं. मग पुन्हा वाचलं. घाटाच्या पलीकडे पोचायचं, एवढंच लिहिलं होतं. अजगराला मारा असं कुठंच नव्हतं.

बाबारावांनी 'जुनी पायवाट' टाकली, तिच्यावर छकडा ठेवला आणि चौघांचे मोहरे पलीकडे नेऊन मांडले.

"चला, उतरा. शेलू आलं!"

* * *

पुढचा किस्सा आम्ही हसत सांगतो, पण त्या वेळी कोणी हसलं नव्हतं.

डाव ऐन रंगात होता. सरांच्या घारीवर विषारी कोळ्यानं झडप घातली. सर ओरडले, "ताई, मी मरून राह्यलो! लवकर औषध द्या!"

ताई ओरडल्या, "माह्याजोळचं औषध सरलं!"

समोर दुकानात एक म्हातारी फवारणीचं काही विचारायला येऊन उभी होती. कृषी केंद्राच्या मागच्या खोलीतून असं वाक्य ऐकू आल्यावर आपल्या भागातलं माणूस काय समजेल, ते सांगायला नको. बाई बोंब मारत रस्त्यावर धावली. शटर धाडकन वर गेलं. दहा-बारा माणसं आत. एकानं मिठाचं पाणी आणलं, दोघांनी सरांना काखेत धरून उचललं. सरांच्या हातात अजून पत्ते!

"काय खाल्लं सर तुमी? सांगा!"

"मी काहीच नाही! घार मेली!"

"घार खाल्ली?"

खरं सांगेपर्यंत अर्धा पेला पाणी त्यांच्या पोटात गेलं होतं. माणसं शिव्या घालत परत गेली. म्हातारी मात्र पोत्यावर बसून राहिली. ताईंनी तिला चहा पाजला आणि घरापर्यंत सोडून आल्या. परत आल्यावर खडूनं भिंतीवर लिहिलं, 'मेलो म्हणायचं नाही. पत्ता पडला म्हणायचं.'

ते अजून पुसलेलं नाही.

* * *

आणि मागच्या महिन्यातली गोष्ट.

संघपाल सर प्रशिक्षणाला गेले होते. नवी मोहीम 'बर्फाचा किल्ला', तिला चार खेळाडू लागतातच. सरांनी आपला पक्ष्यांचा डेक देऊन बदली माणूस पाठवला. धनजकडचा त्यांचा मित्र, माधव. सरांनी त्याला घरी बसवून खेळ शिकवला होता.

बाबाराव उशिरा आले. दारात थांबले. माधव त्यांचा सख्खा धाकटा भाऊ. विहिरीवरच्या मोटारीच्या पाळीवरून दोघांचं बोलणं बंद होतं, नऊ वर्षं. आईच्या तेरवीलाही दोघं दोन टोकांना बसले होते, मी होतो तिथं. ताईंना हे माहीत होतं की नाही, मी आजवर विचारलेलं नाही.

"बसा ना बाबाराव," ताई म्हणाल्या. बाबाराव बसले.

या मोहिमेचा एक वेगळा नियम होता. दुसऱ्याची मदत हवी असेल, तर त्याला नावानं हाक मारायची. हाक आल्याशिवाय कोणी कोणाला वाचवू शकत नाही. इशारा नाही, तिसऱ्याच्या तोंडून निरोप नाही.

दीड तास बाबारावांनी फक्त मला आणि ताईंना हाका मारल्या. माधवनंही तेच केलं. भय बत्तीस, एकेचाळीस, सत्तेचाळीस. मग माझे पत्ते संपले. ताईंचेही. किल्ल्याचा राक्षस बाबारावांच्या समोर उभा राहिला आणि भय एकोणपन्नासवर गेलं.

माधवच्या हातात घार होती. पत्ता इतका घट्ट धरलेला, की मधे वाकला होता.

बाबाराव आपल्या पत्त्यांकडे बघत बसले. बाहेर कोणीतरी मोटारसायकलला किक मारत होतं, ती काही सुरू होईना. ताईंनी पंखा बंद केला, का ते देव जाणे.

"बाबाराव, पाळी तुमची हाय," मी हळूच म्हटलं.

त्यांनी घसा खाकरला. मान वर केली नाही.

"मधू."

माधव हलला नाही.

"मधू, येतं काय रे?"

माधवनं घार टाकली. मग हातातले उरलेले सगळे पत्तेही टेबलावर ठेवले, नियमात ते बसत नसताना. "आलो ना, दादा," तो म्हणाला आणि खिडकीकडे तोंड केलं.

राक्षस पडला. आम्ही जिंकलो, पण टाळी कोणी वाजवली नाही. दोघं भाऊ एकामागून एक शटरखालून वाकून बाहेर गेले. थोड्या वेळानं जीप सुरू झाल्याचा आवाज आला. दार एकदा लागलं, मग दुसऱ्या बाजूचंही लागलं.

ताई पत्ते आवरायला लागल्या. बाबारावांच्या हातचे पत्ते पालथे पडले होते. ते उचलून त्यांनी बघितले, एक बाजूला काढला आणि माझ्यासमोर धरला.

'विसावा'. कोणालाही हाक न मारता टाकता येतो. भय एकदम दहानं उतरतं.

"हा कवाचा हातात होता?" मी विचारलं.

"दुसऱ्या फेरीपासून. उचलला तवाच मले दिसला होता," ताई म्हणाल्या, आणि पेटीचं झाकण लावलं.