धास्तीचाचांचा खोटा ऑप्शन

आमच्या सांगलीच्या ऑफिसात चाचांइतका भित्रा माणूस दुसरा नव्हता. सगळे त्यांना धास्तीचाचा म्हणत. दुचाकीला कुलूप लावलं तरी दोनदा माघारी येऊन बघणार, आणि प्रोग्रॅम तर चारदा तपासणार. "भ्या वाटलं पायजे गड्या. आपला पंप माणसाच्या शिरंत औषध सोडतोय," म्हणायचे.

आम्ही दवाखान्यातल्या औषधाच्या पंपांचे प्रोग्रॅम लिहायचो. जुन्या-नव्या पंपांचे कंपायलर, म्हणजे आमचं लिखाण यंत्राच्या भाषेत उतरवणारे प्रोग्रॅम, वेगवेगळे. कुठल्या कंपायलरला कुठला ऑप्शन (जादा सूचना) कळतो हे प्रोग्रॅम बांधून देणारी बिल्ड स्क्रिप्ट आधी विचारून घ्यायची: दोन ओळींचा प्रोग्रॅम ऑप्शनसकट द्यायचा, पार पडला तर ऑप्शन ठेवायचा. चाचा मात्र पहिल्यांदा एक खोटाच ऑप्शन द्यायचे, 'चाचाची-शेळी'. "शेळीलाबी हो म्हणाला तर त्यो लबाड हाय. त्याचं कायबी खरं धरायचं न्हाई."

मला त्या शेळीची भारी लाज वाटायची. गिऱ्हाईक स्क्रिप्ट बघायला येणार म्हणून मी तिची ओळ स्क्रिप्टमधून गुपचूप काढून टाकली. कसली अवदसा आठवली मला!

नव्या प्रोग्रॅमचे पाच पंप पाटणच्या एका दवाखान्यात गेले. त्याच दुपारी सहज बिल्डचा लॉग, म्हणजे कामाची नोंद, चाळला, तर जुन्या कंपायलरने 'हा ऑप्शन कळला नाही, सोडून देतो' एवढं पुटपुटून काम पुरं केलेलं. स्क्रिप्टने तोच होकार धरला. सुटलेला ऑप्शन कुठला, तर हिशेब मर्यादेबाहेर गेला की पंप थांबवणारा! शेळी असती तर ही लबाडी तिथंच पकडली गेली असती.

चाचांना सगळं सांगितलं. ते पांढरेफटक पडले. रागावले नाहीत, आधी फोन लावला. "सिस्टर, आमचे पंप आत्ताच्या आत्ता काढा, हातानं सलाईन लावा." पाटणला जाताना वाटभर विचारत होते, "सगळे काढले असतील न्हवं रं?" पोचलो तेव्हा पाचही पंपांवरची माणसं ठीक होती. चाचा भिंतीला टेकून खालीच बसले.

दुसऱ्या दिवशी मालकांनी विचारलं, "ती ओळ कुणी काढली?" आम्ही सगळे एकाच लॉगिनवर काम करायचो, कळायला मार्ग नव्हता. माझी वाचाच बसली. घरी दोन महिन्यांचं बाळ होतं. चाचांनी माझ्याकडे एकदा पाहिलं.

"मी काढली, साहेब," ते म्हणाले.

त्याच संध्याकाळी त्यांची नोकरी गेली. दारात मी विचारलं, "चाचा, असं का केलंत?"

"पोरगं ल्हान हाय तुझं," एवढंच म्हणाले.

गेल्या वर्षी चाचा गेले. मातीला मालकही आले होते. "माणूस लय चांगला. एकदाच चुकला," मला म्हणाले. मी तेव्हाही गप्प बसलो.