साखराचे दोन गुण

महिपती मास्तरांचा राग सदा नाकावर. पणदऱ्याच्या शाळेत आठवीला इंग्रजी शिकवायला दुसरं कोणी नव्हतं, त्यामुळे मास्तर म्हणतील ते इंग्रजी. इंडस्ट्रियल काय नि इंडस्ट्रियस काय, दोन्ही कारखान्याचेच शब्द, असं ते बेधडक सांगत. पुस्तकाच्या मागे अर्थ छापलेले होते, पण ते उघडून बघणं त्यांना कमीपणाचं वाटे.

सत्तावन्न साली वार्षिक परीक्षेत साखरा नावाच्या मुलीनं इंग्रजीत वाक्य लिहिलं, माझी आई इंडस्ट्रियस आहे. मास्तरांनी तांबडी फुली मारली. "हिची आई म्हणजे कारखाना!" असं म्हणून इतर शिक्षकांनाही हसवलं. दोन गुण गेले. पस्तीसला पास, साखराला चौतीस पडले. तिच्या बापानं, जोतीरामनं, आधीच बजावलं होतं की पास झालीस तर शिकवीन, नाहीतर उजवून टाकीन. मेंढरं विकून कालव्याच्या पाण्यावर वांगी पिकवणारा हा माणूस शब्दाचा पक्का. त्यानं लगेच सोयरीक जुळवली आणि मास्तरांनाही आवतण धाडलं.

सुट्टीत मास्तर भवानीनगरला भावाकडे गेले. तिथल्या साखर कारखान्यात एका कारकुनाच्या टेबलावरची डिक्शनरी त्यांनी सहज चाळली. इंडस्ट्रियल म्हणजे कारखानदारीचं. इंडस्ट्रियस म्हणजे कष्टाळू. वांग्यांची पाटी डोक्यावर घेऊन बारामतीच्या बाजाराला पायी जाणारी साखराची आई त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना. घास गिळवेना, बसवेना, उठवेना. लग्न तर उद्यावर आलेलं. शेवटी भावाची सायकल काढली आणि भर उन्हात निघाले. बारामतीत झाडाखाली टेकले, पण घाम पुसून होईतो पुन्हा उठले. पोरीचं वाटोळं आपण केलं, हे एकच डोक्यात भणभणत होतं.

जोतीरामच्या दारात मांडव पडला होता. मास्तरांनी त्याला बाजूला घेऊन धापा टाकत सगळं सांगितलं. "चूक माझी आहे. पोरगी पास आहे. तुम्ही शब्द दिला होता, जोतीराव."

जोतीरामनं हात जोडले. "हळू बोला, मास्तर. नवरदेव सातवी नापास हाय. पोरगी आठवी पास हाय म्हनून कळलं, तर सोयरीक मोडंल. आदी तिला शब्द दिलावता, पन आता नवऱ्याकडच्यांस्नी बी दिलाय. नापासच ऱ्हाऊ द्या."

वर्गात कुणाला तोंड वर करू न देणाऱ्या मास्तरांनी सायकल माघारी वळवली. त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

साखरा मागेच उभी होती. हातात नवा चुडा. तिनं सगळं ऐकलं होतं.

"मास्तर, मी पास हाय?"

"व्हय, पोरी."

ती मास्तरांच्या जवळ आली. मग बापाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "हितं कुनाला सांगू नगासा. पर शाळंच्या वहीत लिवा."

"लिहितो. उद्या सकाळी हेडमास्तरांना..."

"उद्या न्हाय, आत्ता जावा. उद्या अक्षता पडल्या की माजं नाव बदलंल. ह्याच नावावर लिवा."

मास्तर पाण्यालाही थांबले नाहीत.