आईनं मारलेला खिळा

आमच्या घरात शिव्या चालायच्या नाहीत, ताटात उष्टं टाकणं चालायचं नाही आणि भिंतीत खिळा तर मुळीच चालायचा नाही. बाबा लष्करात, आई छावणीच्या दवाखान्यात नर्स, म्हणजे घरात दोन-दोन शिस्ती. दर दोन-तीन वर्षांनी बदली व्हायची. क्वार्टर सोडताना एक साहेब भिंतींवरून हात फिरवत तपासणी करायचे. आम्ही भावंडं त्यांना भिंगवाले म्हणायचो. छावणी बदलली तरी भिंगवाले तेच वाटायचे. एखादं भोक सापडलं की बाबांना दंड, आणि दंडापेक्षा वाईट म्हणजे बाबांचा पडलेला चेहरा. तो आईला बघवायचा नाही. म्हणून खिळ्याचा कायदा तिचाच होता.

आमचं कॅलेंडर खिडकीच्या कडीला लटकायचं आणि आजोबांचा फोटो ट्रंकेवर भिंतीला टेकून असायचा. "आजोबांना उभं राहायची परवानगी नाही," भाऊ म्हणायचा. आई हसायची. "आपलं घर होऊ दे, मग बघा. भिंतींची चाळण करते की नाही!"

आई स्वयंपाक घाईत करायची, माझी वेणीही घाईतच घालायची, इतकी घट्ट की भुवया वर जायच्या. पण इंजेक्शन देताना तिला जगात दुसरं काम नसायचं. मोठमोठ्या मिशांचे जवान तिच्यापुढं बाही वर करून डोळे गच्च मिटून बसत. "बंदुकीला भीत नाही आणि एवढ्याशा सुईला घाबरता होय?" असं ती म्हणेपर्यंत टोचून झालेलं असायचं. आम्हाला ताप आला की मात्र कौतुक नाही. "काही होत नाही, पाणी पी." मला भारी राग यायचा. जवानांची आई आणि आमची सिस्टर, असा सगळा उलटा कारभार.

डोंगरातल्या एका छावणीत असताना पिण्याचं पाणी दूषित झालं. बघता बघता निम्मी छावणी जुलाब-उलट्यांनी आडवी झाली. त्यात दरड कोसळून रस्ता बंद. डॉक्टर पलीकडं अडकले. ते फोनवरून सांगायचे आणि अलीकडं सगळं आई करायची. बाबाही पडले. दवाखान्यात त्यांना खाट मिळत होती, पण "आधी माझ्या पलटणीतल्या पोरांना द्या," म्हणून हटून बसले. शेवटी शेजाऱ्यांनी उचलून घरी आणलं.

भरदुपारी आई धावत आली. बाबांचे डोळे खोल गेले होते, हाताची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती. तिनं सलाईन लावलं आणि बाटली माझ्या हातात दिली. "स्टुलावर उभी राहा. हात खाली आणायचा नाही." ती पुन्हा दवाखान्यात पळाली. तिकडं खाटा भरलेल्या आणि ती एकटी.

माझा हात भरून आला. हात बदलला, तोही भरून आला. बाटली कधी खाली आली ते मला कळलंच नाही. नळीत बाबांचं रक्त चढलेलं दिसलं आणि मी किंचाळले. तेवढ्यात आई दारात. बाटली उंच धरून तिनं नळी पुन्हा वाहती केली, बाटली भावाकडं दिली, सामानाच्या लाकडी पेटीतला एक खिळा पकडीनं उपसला आणि कोळसे फोडायची हातोडी घेतली.

पहिला ठोका पडला तसे बाबा ग्लानीतून पुटपुटले, "अगं, खिळा नको... क्वार्टर ताब्यात द्यायचंय..."

"भिंत सरकारची आहे, नवरा माझा आहे," आई म्हणाली आणि ठोकत राहिली.

खिळा वाकला, पण बसला. तिनं त्यावर बाटली लटकवली, माझा दंड चोळला, "झालं हं," म्हणाली, आणि उभ्याउभ्याच रडली. मी तिला रडताना पहिल्यांदाच बघत होते. मग बाहीनं डोळे पुसून ती परत कामावर गेली.

बाबा वाचले. छावणीतलंही कुणी दगावलं नाही.

बदलीची वेळ आली तेव्हा आई दवाखान्यातलं उरलंसुरलं प्लास्टर वाटीत कालवून ते भोक बुजवायला बसली. बाबा म्हणाले, "राहू दे." त्यांनी खिळा उपसून खिशात टाकला आणि भिंगवाल्यांना स्वतः नेऊन भोक दाखवलं. "हे आमचं." पदक दाखवावं अशा ऐटीत! दंड भरताना खुशीत असलेले बाबा मी तेवढे एकदाच पाहिले.

पुढं आपलं घर झालं. आई चाळण करणार होती ना? एक खिळा मारवला नाही तिच्यानं. हातोडी घ्यायची, भिंतीकडं बघायची आणि म्हणायची, "जाऊ दे, कडीलाच लावू." आजोबा शेवटपर्यंत ट्रंकेवरच राहिले. आम्ही तिला किती चिडवायचो!

आई गेली. तिचा पांढऱ्या गणवेशातला फोटो आम्ही मोठा करून आणला. भाऊ ड्रिल मशीन घेऊन आला, तर बाबांनी त्याला थांबवलं. दाढीच्या डब्यातून तो वाकडा खिळा काढला. "यावर लावायचा." त्यांचे हात थरथरतात, तरी हातोडी काही सोडली नाही. ठोके इकडं-तिकडं पडले, पण खिळा एकदाचा बसला. भावानं फोटो लावला.

बाबा मागं सरून बघत राहिले. फोटोच्या कडेला भिंतीचा टवका उडाला होता. त्यांनी तो बोटानं चाचपला आणि घाबरून मला म्हणाले, "बुजवून टाक गं लवकर. ती दवाखान्यातून यायच्या आत."