शंखातल्या खेकड्याचं क्वार्टर

ऑफिसात फायली साचल्या तर कोणीतरी ओरडतं, किस्से साचले तर कोणी विचारत नाही. चहाला चार जण बसले की एक किस्सा निघतो आणि त्याची शेपटी धरून दुसरा येतो. आमचं ऑफिस छत्तीसगडच्या नव्या राजधानीत, नवा रायपुरात, आणि आमच्या सेक्शनचं काम म्हणजे लहान मुलांसाठी चित्रांची पुस्तकं काढणं. एकदा वरून विषय आला, 'समुद्रकिनाऱ्यावरचे प्राणी आणि त्यांची घरं'. आता छत्तीसगडला समुद्रच नाही, हे वरच्यांना सांगणार कोण?

साहेबांनी मीटिंगमध्ये विचारलं, समुद्र कोणी पाहिला आहे? माझा एकट्याचा हात वर झाला. मी पुरीला गेलो होतो खरा, पण पोट बिघडून लॉजवरच पडून होतो. तेवढ्या अनुभवावर मला पुस्तकाचा संपादक नेमण्यात आलं.

* * *

चित्रं काढायची होती मेश्राम दीदींना. बाईंचा हात फार चांगला. पण राहायच्या शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, बीरगावला, सासू आणि दोन मुलींसोबत एका खोलीत. बस बदलत, वाट पाहत ऑफिसला पोचेपर्यंत बाई दमून जायच्या. सरकारी क्वार्टरसाठी अर्ज केला होता, त्यालाही वर्षं झाली होती. विचारलं की म्हणायच्या, "कोणाचं खाली होईन तवा मिळन ना भैया." मी शहरातल्या तात्यापाऱ्यात वडिलांच्या घरात राहतो, म्हणून मला हे सगळं हसत सांगता येतं.

* * *

समुद्राचा अभ्यास व्हायला पाहिजे, असं ठरलं. आता अभ्यासाला कोण जाणार? जी चित्रं काढणार ती जाईल, असं तुम्हाला वाटलं असेल. गेले साहेब, सोबत त्यांच्या मॅडम, मुलगा आणि मेहुणा. दीदींना काय, चित्रं फोटोवरूनही निघतात!

परत आल्यावर साहेबांनी दीदींच्या कॉम्प्युटरवर फोटो टाकले. लाटेत मॅडम, उंटावर मेहुणा, नारळपाण्यासोबत साहेब. सगळ्या ढिगात खेकडा एका फोटोत सापडला, तोही प्लेटमध्ये, मसाला लावलेला. दीदींनी तो नीट निरखून पाहिला आणि साहेबांना विचारलं, "सर, याचं घर कोन्तं दाखवू?"

* * *

मग तारामाशाचं पान आलं. मी लिहिलं होतं, तारामाशाला घर नसतं, तो खडकाला चिकटून राहतो. साहेब खुर्चीतून अर्धे उठले. साहेब मूळचे अमरावतीचे, राग आला की हिंदी मागे पडते आणि गावची भाषा तोंडात येते. "बेघर काहून दाखवून राहिले तुम्ही? सरकारची बदनामी होते ना!"

मी म्हटलं, सर, तो मासा आहे. साहेब म्हणाले, असू दे, घरकुलाची योजना सगळ्यांसाठी आहे. शेवटी तारामाशाला गुलाबी भिंतींचं पक्कं घर मिळालं, दारात तुळस आणि छतावर पाण्याची टाकी. जेलीफिशचं पान आम्ही काढूनच टाकलं. तिलाही घर बांधून द्यायला आमच्यात हिंमत नव्हती.

* * *

पण खरी मजा शंखातल्या खेकड्यानं आणली. हा प्राणी दुसऱ्याच्या रिकाम्या शंखात राहतो. वाढला की मोठा शंख शोधतो. मोठा शंख सापडला की हे खेकडे उंचीप्रमाणे रांगेत उभे राहतात. सगळ्यात मोठा नव्या शंखात शिरतो, त्याच्या जुन्यात त्याच्या मागचा, त्याच्या जुन्यात आणखी मागचा. शेवटच्या लहानग्यालाही घर मिळतं.

मी हे वाचून दाखवलं आणि सेक्शनमध्ये सगळे एकमेकांकडे पाहायला लागले. ऑफिसातल्या शिपायालाही ही रांग पाठ होती. साहेबांना नवा रायपुरात नवा बंगला मिळाला होता, तरी शहरातला जुना त्यांनी सोडला नव्हता. त्यात एक सोफा होता आणि फाटकाला भलंमोठं कुलूप. तो बंगला सुटला असता तर आमच्या सेक्शनचे चौबेजी त्यात गेले असते, चौबेजींच्या घरात साहू बाबू, आणि साहू बाबूंच्या दोन खोल्यांत मेश्राम दीदी.

साहेबांनी पान हातात घेतलं, दोनदा वाचलं. म्हणाले, "मोठ्यानं जुना शंख सोडला काहून? त्याच्या पोरांची शाळा असन तिकडे." मग हुकूम झाला. मोठ्या खेकड्याच्या अंगावर नवा शंख दाखवा, आणि जुना नांगीत धरलेला. मला त्या दिवशी खरोखर राग आला होता. दीदी मात्र "हव सर" म्हणाल्या आणि ब्रश धुवायला गेल्या.

नवं चित्र आलं तेव्हा साहेब स्वतःचा फोटो आणि संदेश असलेलं पान तपासत होते. खेकड्यावर त्यांनी न पाहताच सही केली.

* * *

छापायच्या आधी पुस्तक मुलांसमोर वाचून पाहायचं, असा आमच्याकडे नियम आहे. शाळा निवडली गेली बीरगावची. साहेब स्वतः आले, सोबत मी आणि दीदी; साहेबांना हार घातला गेला, मग ते मुलांमध्ये बसून वाचायला लागले. गुलाबी घरातला तारामासा मुलांना फार आवडला. मग खेकड्याचं पान उघडलं. साहेबांनी कौतुकानं विचारलं, बताओ, इसके हाथ में क्या है?

"चोरी का माल," मागून एक पोरगा म्हणाला.

नाही बेटा, साहेबांनी समजावलं, वो भी इसी का घर है. पुढे बसलेली एक चिमुरडी गुडघ्यांवर उठली आणि तिनं नांगीतल्या शंखावर बोट ठेवलं. "तो इसमें ताला काहे लगाया है?"

मी वाकून पाहिलं. शंखाच्या तोंडाशी मोहरीएवढं पिवळं कुलूप होतं. पोरीचं बोट तोवर रांगेच्या टोकाला सरकलं होतं.

"और ये सबसे पीछे वाला नंगा काहे खड़ा है?"

साहेबांनी मान वळवून मेश्राम दीदींकडे पाहिलं. दीदी दाराशी उभ्या होत्या, पदर नीट करत म्हणाल्या, "सांगा ना सर. पोट्टी विचारून राहिली."