तारगोळ्याची जाळी

आमच्या विद्यापीठाच्या मैदानी स्पर्धांचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण दुसरं कोणी तयार नव्हतं. मी देवासच्या एका कॉलेजात क्रीडा अधिकारी आहे. वडील सांगलीकडून इथल्या कारखान्यात नोकरीला आले; मी इथेच शिकलो, इथेच पळालो आणि इथेच राहिलो. स्मारिका हिंदीत निघायची होती, म्हणून मीही हिंदीतच लिहून दिलं. त्यातलं जे छापलं गेलं नाही, ते इथे मराठीत लिहितो आहे.

जुनी रजिस्टरं धारला होती, ताईंच्या घरी. ताई म्हणजे तिथल्या कॉलेजच्या निवृत्त क्रीडा अधिकारी. घराणं जुन्या दरबारातलं, त्यामुळे बाहेरच्या माणसाशी त्या अजून ‘आपण बसावं, फराळ करून जावं’ असं बोलतात. मला मात्र अरे-तुरे, कारण पंचगिरी मी त्यांच्या हाताखाली शिकलो.

रजिस्टरं वाचताना सुरुवातीला मजा वाटली. पहिल्या काही स्पर्धा धारच्या क्रिकेटच्या मैदानावर चुन्याचा ट्रॅक आखून झालेल्या. मुलींना तीनच प्रकार. लांब पल्ल्याची पोरं मांडूच्या रस्त्यावर ठरलेल्या झाडापर्यंत जाऊन परत यायची, आणि झाडापाशी बसलेला पंच त्यांच्या मनगटावर शाईचा शिक्का मारायचा. हॅमर, म्हणजे आमच्याकडचा तारगोळा, बराच नंतर आला. तो फेकणाऱ्याभोवती पाइपांचा पिंजरा आणि त्याला जाळी लागते. पिंजरा ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणाऱ्या एका वेल्डरने केला होता. तिथून पुढे दर वर्षीच्या पानावर, शेऱ्याच्या रकान्यात, ताईंच्या अक्षरात दोनच शब्द होते. जाळी बदलावी. मी पानं उलटत गेलो. शाई बदलली, अक्षर थोडं थरथरीत झालं, शब्द तेच राहिले.

“दर वर्षी लिहीत होतात?” मी विचारलं.

“दर वर्षी. वरून उत्तर यायचं, स्पर्धा होऊ द्या, मग पाहू. स्पर्धा झाल्यावर कोण पाहतो रे?”

मला ते माहीत होतं. मी तिथे होतो.

जाळी फाटायला लागली ते मी पहिल्यांदा पाहिलं, त्या वर्षी एका मुलाचा गोळा भोकातून निघून लांब उडीच्या वाळूत पडला. जेवणाची सुट्टी होती, वाळूवर कोणी नव्हतं. सगळे हसले. मीही हसलो. मैदानाचं काम पाहणारे एक गृहस्थ होते. चुना आखायचा, टेप धरायचा, खुणेचे खिळे ठोकायचे, सगळं त्यांच्याकडे. वयाने माझ्यापेक्षा मोठे, तरी मला भिया, म्हणजे भाऊ, म्हणायचे, सगळ्यांनाच म्हणायचे. ते हसले नाहीत. संध्याकाळी त्यांनी क्रिकेटच्या जुन्या नेटचा तुकडा आणून नायलॉनच्या दोरीने त्या भोकावर शिवला आणि मला म्हणाले, “भिया, ये जाली गोले को रोकेगी नी. बस पूछेगी के किधर जा रिया हे.”

पुढच्या वर्षी गोळा दुसऱ्या बाजूने गेला आणि पाण्याच्या टाकीचा कोपरा फुटला. त्याच्या पुढच्या वर्षी ताई पिंजऱ्यातल्या फेकीच्या वर्तुळात खुर्ची टाकून बसल्या. फेकणारी मुलं हातात गोळे घेऊन उभी. प्राचार्य आले, समजावू लागले. ताई म्हणाल्या, “मी उठते. माझ्या जागी आपण बसावं आणि मग फेकायला सांगावं.” ते बसले नाहीत. त्या वर्षी तारगोळा झाला नाही. नंतरच्या वर्षी ताईंना भोजन समितीत टाकलं, मग त्या निवृत्त झाल्या, आणि फेकींचा मुख्य पंच म्हणून माझं नाव लागलं.

मुख्य पंचाला सकाळी एका कागदावर सही करावी लागते, की मैदान व साहित्य तपासलं, सुरक्षित आहे.

थंडीचे दिवस होते. दव इतकं पडलं होतं की सिमेंटचं वर्तुळ काळं दिसत होतं. पिंजऱ्याच्या डाव्या अंगाला, शिवलेल्या तुकड्याच्या वर, माणसाचं डोकं जाईल एवढं नवीन भोक होतं. मी त्यात हात घालून पाहिला. आयोजक कागद घेऊन मागेच उभे होते. म्हणाले, पाहुणे यायला निघालेत, फेकींत एवढाच प्रकार राहिलाय, आणि मुलींचा गोळा तसा हलकाच असतो. चार किलोचा असतो तो. मी सही केली.

त्या वर्षी सगळ्यांचं लक्ष माझ्याच कॉलेजच्या एका मुलीकडे होतं. तिचेही वडील महाराष्ट्रातून कारखान्यात आलेले. घरी मराठी बोलायची, पण वाचायला अडखळायची. आमच्याकडे बऱ्याच मुलांचं तसं असतं. आदल्या वर्षी तिने केलेला विद्यापीठाचा विक्रम अजून कोणी मोडलेला नाही. हातमोजा चढवता चढवता ती माझ्याजवळ आली.

“सर, उलट्या हाताला, डावीकडे, जाळी फाटलीय. देखी क्या आपने?”

“तू तुझं वर्तुळ बघ,” मी म्हणालो.

हे वाक्य मी पुढे कित्येक वर्षं कुणालाही सांगितलं नाही.

तिच्या पहिल्या दोन फेकी सरळ गेल्या. तिसऱ्या वेळी शेवटच्या गिरकीत तिचा पाय दवावर सरकला आणि हँडल हातातून एक क्षण उशिरा सुटलं. जाळी पडद्यासारखी फुगली आणि पुन्हा खाली आली, तेव्हा गोळा आत नव्हता. मैदानाचं पाहणारे ते गृहस्थ डाव्या बाजूला, आमच्याकडे पाठ करून, टेप गुंडाळत होते. मी ओरडलो की नाही, ते मला आठवत नाही. आवाज आठवतो. वाळलेलं लाकूड मोडावं तसा.

माइकवरून चारशे मीटरच्या मुलींची नावं पुकारणं चालूच होतं. आम्ही धावत पोचलो तेव्हा ते गवतावर आडवे झाले होते, चेहरा पांढरा. मला म्हणाले, “भिया, टेप संभाल, गीली हो जाएगी.” मग त्यांची शुद्ध गेली.

ते वाचले. इंदूरला नेलं, डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. त्या गडबडीत त्या मुलीला वर्तुळातून बाहेर ये असं कोणी म्हटलंच नाही. अर्ध्या तासाने मी परत आलो तर ती तिथेच उभी होती, हातमोजा घातलेलाच. मी बोलावल्यावर आली, आमच्या बसमध्ये मागच्या सीटवर बसली. तिने गोळ्याला पुन्हा हात लावला नाही.

आणि रजिस्टर. ताईंच्या त्या सगळ्या पानांनंतर एक पान माझ्या अक्षरात आहे. शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं आहे, ‘तांत्रिक कारणास्तव स्पर्धाप्रकार स्थगित.’ आयोजक सांगत गेले तसं लिहिलं, पण पेन माझं होतं. ते पान आलं तेव्हा ताईंनी चष्मा काढून ठेवला आणि चहा आणायला आत गेल्या.

विक्रमवीरांचे फोटो हवे होते, म्हणून मी हाटपिपल्याला गेलो. ती मुलगी लग्न होऊन तिथे गेली आहे, एका शाळेत शिकवते. तिने पोह्यांची बशी पुढे ठेवली आणि विचारलं, “सर, फोटो छापाल, तर त्या दिवसाचंही लिहाल?”

“लिहीन.”

“मग घेऊन जा.” थोड्या वेळाने बशीकडे बघत म्हणाली, “एक पूछू? मी तुम्हाला जाळीचं बोलले होते ना? कई बार मला वाटतं, मी फक्त मनात बोलले होते. घरी सांगितलं तर म्हणाले, बोली होती तो सर रुकवा देते ना.”

“तू बोलली होतीस,” मी म्हणालो. “स्पष्ट बोलली होतीस. मी ऐकलं नाही.”

ती रडली नाही. तिने तोंडावरून दोन्ही हात फिरवले आणि फोटो शोधायला उठली.

मी सगळं लिहून दिलं आणि रजिस्टरं धारच्या कॉलेजात परत केली. स्मारिका आली, त्यात तिचा फोटो होता, विक्रम होता, चुन्याचा ट्रॅक आणि मांडूच्या रस्त्यावरचा शिक्काही होता. त्या दिवसाचा परिच्छेद नव्हता. विचारलं तर उत्तर मिळालं की जागा कमी पडली.

यंदा स्पर्धा पुन्हा धारलाच ठरल्या आणि मुख्य पंच म्हणून पत्र मला आलं. मी उलट लिहिलं की आधी जाळी पाहीन, नवी नसेल तर सही करणार नाही. उत्तर आलं नाही, म्हणून आदल्या दिवशी स्वतः गेलो. पाइपांना चंदेरी रंग दिला होता, रंगाचा वास लांबूनच येत होता. जाळी तीच, गाठी वाढलेल्या. टेबलावर तपासणीचा कागद होता आणि त्यावर सही होऊन गेली होती. तिथला नवा क्रीडा अधिकारी तिशीचा, नम्र माणूस आहे. म्हणाला, “सर, आपको तकलीफ न हो, इसलिए मैंने कर दी.”

मी त्याला पिंजऱ्याजवळ नेलं आणि जे घडलं ते सगळं सांगितलं. त्याने नीट ऐकून घेतलं. मग जरा संकोचून म्हणाला, “पर सर, रजिस्टर में तो ऐसा कुछ नहीं है. मैंने पूरा देखा है.”

मी माझ्या कॉलेजच्या दोन्ही मुलींची नावं काढून घेतली आणि बाकीच्या कॉलेजांना एकेक करून फोन लावले. एकाने नावं काढली. बाकीचे म्हणाले, उद्या बघू.

दुसऱ्या दिवशी तारगोळा झाला. सही माझी नव्हती, तरी मी डाव्या बाजूला उभा राहून प्रत्येक गिरकीला लोकांना मागे हटवत होतो. पोरं मला हसत होती. काही झालं नाही. संध्याकाळी मंडप उतरवताना तो तरुण अधिकारी माझ्याकडे आला, पाण्याची बाटली दिली आणि अगदी मनापासून म्हणाला, “देखा सर, आप बेकार घबरा रहे थे. अगले साल भी यहीं करवाएँगे.”