एकसष्टाव्या पायरीवरचं गेट

हौसरावआबांनी रांजणगावच्या एका कारखान्याच्या गेटवर सत्तावीस वर्षं माणसं थांबवली. येणाऱ्याचं कार्ड बघायचं, जाणाऱ्याची पिशवी उघडायला लावायची, आत नजर टाकायची आणि "जावा" म्हणायचं. एवढंच काम. रिटायर झाले त्या दिवशी कंपनीनं त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते पुन्हा बंदोबस्ताला बसलेले दिसले, फक्त या वेळी आमच्या वाटेवर.

आमची वस्ती शिरूरच्या कडेला, टेकडीवर. नगरपरिषदेच्या कागदावर तिला कसलं तरी नगर असं नाव आहे, आम्ही नुसतं "वर" म्हणतो. वर जायला एकशे बारा पायऱ्या होत्या. एकसष्टाव्या पायरीवर वळण होतं आणि तिथं प्रत्येकाचा दम संपायचा. मी चोवीस वर्षं वर राहतोय, न थांबता एकदाही चढलेलो नाही. एका दमात चढतो असं सांगणारे दोघंतिघं आहेत, ते इतर बाबतीतही खोटंच बोलतात.

त्या वळणावर कुणीतरी टाकून दिलेला सिमेंटचा खांब दोन दगडांवर आडवा ठेवलेला होता. तो आबांनीच ठेवला. त्यांची बायको आजारी पडली तेव्हा चौघांनी तिला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून खाली नेलं होतं. वळणावर चौघांनी खुर्ची टेकवली. तिथून घोडनदीवरचा पूल दिसतो आणि वारा लागतो. "हवा बरी हाय हितं," ती म्हणाली. दवाखान्यातून ती परत आली नाही. महिन्याभरात आबांनी दोन गोष्टी केल्या. वळणावर खांब मांडला, आणि वस्तीला गाडीचा रस्ता मिळावा म्हणून अर्ज लिहून त्यावर पहिली सही स्वतःची केली.

अर्ज गेला आणि खांब राहिला. रिटायर झाल्यावर आबा रोज संध्याकाळी पाच ते आठ खांबावर बसू लागले. कुणी धापा टाकत टेकलं की विचारायचे, "पिशवीत काय?" विचारायचा त्यांना काडीचाही अधिकार नव्हता. पण दम लागलेला माणूस वाद घालत नाही, तो पिशवी उघडतो. आबा आत बघायचे, वांगी किडकी आहेत का सांगायचे, सुकट आणलीय म्हणजे पाहुणे नाहीत असा निष्कर्ष काढायचे आणि म्हणायचे, "हां, जावा." वरच्या खोल्यांत राहणारी बिहारची पोरं तर न विचारता डबा उघडून दाखवायची. "चाचा, चेकिंग कर लो." आबा आपल्या हिंदीत म्हणायचे, "भेंडी अर्धी काहे ठेवली? खाया करो." चेकिंग झाल्याशिवाय घरी गेलं तर आपल्यालाच चुकल्याचुकल्यासारखं वाटायचं. वस्तीत त्या जागेला सगळे गेटच म्हणायला लागले.

सगळ्यात जास्त वेळ चालायचं ते वच्छलाबाईंचं चेकिंग. बाई खाली कामगारांच्या मेसमध्ये चपात्या लाटतात. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा सतीश कारेगावला नोकरीला, राहायलाही तिथंच. साडेसहाला बाई वळणावर यायच्या, "जयभीम आबा" म्हणून खांबाच्या दुसऱ्या टोकाला बसायच्या आणि पिशवी मधे ठेवायच्या. मेथीची एक जुडी तपासायला आबांना वीस मिनिटं लागायची. तेवढ्यात मेसमधल्या मॅनेजरचा उद्धार व्हायचा, आबांच्या गुडघ्याची चौकशी व्हायची, आणि कधीकधी दोघं नुसतेच पुलावरचे दिवे मोजायचे. लोक बोलायचे का? बोलायचे. पण बोलणाऱ्यांनाही तिथंच थांबून दम घ्यावा लागायचा, त्यामुळं फार काही बोलता यायचं नाही.

मग गेल्या वर्षी रस्ता मंजूर झाला. अर्जाला चौदा वर्षं झाली होती. कामाच्या उद्घाटनाला नगरसेवकांनी पहिली सही करणाऱ्याचा सत्कार ठेवला. आबांनी शाल घेतली, नारळ घेतला आणि पायऱ्या फोडणाऱ्या मशीनकडं बघत उभे राहिले. मी विचारलं, "आबा, झालं ना मनासारखं?"

"झालं की," ते म्हणाले. "आता कुणाला खुर्चीतनं न्यावं लागायचं न्हाई." आणि जरा वेळानं म्हणाले, "पर कुणी थांबायचं बी न्हाई."

तसंच झालं. सरळसोट काँक्रीटचा चढ झाला आणि महिन्याभरात घरोघरी गाड्या आल्या. खांब कडेला तसाच राहिला, आबाही राहिले. गाड्या पहिल्या गिअरमध्ये कोकलत समोरून जायच्या, चालवणारे हात करायचे. हात केल्यानं पिशवीतलं दिसत नाही. सतीशनं कारेगावची खोली सोडली, नवी मोटारसायकल घेतली आणि येता येता आईला मेसवरून घेऊ लागला. साडेसहाला बाई मागच्या सीटवरून जायच्या, मान वळवून बघायच्या, तोवर गाडी वर. दिवसातली ती वीस मिनिटं आता चार सेकंदांची झाली होती.

आबांनी हातपाय मारून बघितले. तीन दिवस ते चढाच्या पायथ्याशी जाऊन बसले, पण तिथं कुणालाच दम लागलेला नसतो. लोकांनी विचारलं, "आबा, बस चुकली का?" चौथ्या दिवशी ते परत खांबावर आले. मग त्यांनी बरोबर खांबासमोर स्पीडब्रेकर हवा असा अर्ज केला. चढावर स्पीडब्रेकर कोण टाकतं, असं नगरसेवकांनी विचारलं, तेव्हा आबा म्हणाले, "मी कुठं वेगासाठी म्हणतोय?" तो अर्जही गेला. त्यानंतर ते सव्वासहालाच उठून घरी जायला लागले, गाडी जायच्या आत. मला ते बघवत नव्हतं. मी दोनदा मुद्दाम चालत चढलो आणि पिशवी पुढं केली. आबांनी बघितली आणि "जावा" म्हणाले. त्यांना माझ्या पिशवीत रस नव्हता.

एक दिवस त्यांना उठायला जरा उशीर झाला. मी शेजारीच बसलो होतो. सतीशची गाडी आवाज करत आली आणि वच्छलाबाईंनी त्याच्या खांद्यावर दोन थापा मारल्या.

"थांब."

"आई, चढाला थांबलं की गाडी मागं येती."

"थांब म्हणते ना. मला दम लागलाय."

सतीशनं दोन्ही ब्रेक दाबून कशीबशी गाडी उभी केली. "गाडीवर बसून कुणाला दम लागतो व्हय?"

"मला लागतो," बाई म्हणाल्या आणि उतरल्या.

पदर सावरत त्या खांबाच्या दुसऱ्या टोकाला बसल्या. दम त्यांना अजिबात लागलेला नव्हता, माझ्यापेक्षा त्यांचा श्वास बरा चालला होता. त्यांनी पिशवी मधे ठेवली आणि स्वतःच उघडली.

"जयभीम आबा. तपासा."

आबांनी लगेच हात घातला नाही. आधी चष्मा पुसला, मग पुन्हा पुसला. मग मेथीची जुडी बाहेर काढून मांडीवर घेतली आणि एकेक काडी बघायला लागले. "कवळी हाय," ते म्हणाले.

"नीट बघा. किती दिस झालं चेकिंग न्हाई."

सतीश ब्रेक दाबून दाबून कंटाळला. शेवटी त्यानं मला कडेचा एक धोंडा मागितला आणि मागच्या चाकाला लावला. मग तोही टेकला, पुलाकडं बघत. जरा वेळानं म्हणाला, "हवा बरी हाय हितं." आबांनी मेथीवरून मान वर केली, त्याच्याकडं बघितलं आणि पुन्हा खाली घातली.

त्या दिवशी जुडी पूर्ण तपासून झाली, तिच्याखालचे बटाटे झाले, कोथिंबीर झाली. पुलावरचे दिवे लागले. "जावा" काही आबा म्हणाले नाहीत.

धोंडा सतीशनं तिथंच ठेवलाय, रोज लागतो म्हणून. आता तिथं असे चार धोंडे आहेत.